अंगणवाडीची ताई : आपल्या वस्तीचे खरे नेतृत्व

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला 'नेतृत्व' या विषयावर बोलायला सांगितले. मी कागदाच्या मिलमधला कामगार आहे. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या बैठकीत आणि पाळी संपल्यावर रात्री कंदिलासमोर शिकलो. म्हणून मोठे व्याख्यान देणे मला जमणार नाही. आपल्या रोजच्या बघण्यातली गोष्ट तेवढी मांडतो.

नेतृत्व म्हटले की आपल्याला कोण आठवते? आमदार, नगरसेवक, युनियनचा पुढारी. ज्याच्या गळ्यात हार आणि हातात माईक, तो नेता, असे आपण धरून चालतो. मी आज एका वेगळ्या माणसाबद्दल, खरे तर बाईबद्दल बोलणार आहे. तीन ते सहा वर्षांची आपली लेकरं जिच्या हवाली करून आपण कामाला जातो, ती अंगणवाडीची ताई आणि तिच्या सोबतची मदतनीस. या बाया नेत्या आहेत काय? नसतील तर काहून नाहीत? आणि त्या व्हाव्यात म्हणून आपण काय करायला पाहिजे? एवढ्या तीनच प्रश्नांवर मी बोलणार आहे.

बंधू-भगिनींनो, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आपल्या चंद्रपुरात आले आणि इथल्या लोकांना त्यांनी धम्मदीक्षा दिली. आपले आजोबा-आज्या बैलगाडीने, पायी, मिळेल त्या वाटेने तिथे गेले. त्या पिढीने एक गोष्ट पक्की धरली होती, पोटाला चिमटा घेऊ, पण लेकरू शिकवू. त्यातूनच आपल्यात शिक्षक झाले, कारकून झाले, डॉक्टर झाले. पण आपण शिक्षण म्हणतो ते पहिलीपासून. त्याच्या आधीची वर्षे आपण हिशेबातच धरत नाही. 'लहान आहे, खेळू द्या' म्हणून सोडून देतो. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिले आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या आत होते. म्हणजे लेकरू पहिलीच्या वर्गात जाऊन बसते तेव्हा पायाचे बरेचसे बांधकाम होऊन गेलेले असते. तो पाया भरणारी बाई कोण, तिला किती मान आहे, तिच्या हातात किती अधिकार आहे, हा प्रश्न मग लहान राहत नाही.

'अंगणवाडी' हा शब्द सरकारी कचेरीत जन्मला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघी १९४५ च्या सुमारास बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज पालघर जिल्ह्यात आहे. तिथे वारली आदिवासींची वस्ती. लेकरं शाळेत येईनात. तेव्हा ताराबाईंनी उलटा विचार केला. लेकरू शाळेत येत नसेल तर शाळेने लेकराच्या अंगणात जावे. पाड्यावर जायचे, झाडाखाली बसायचे, लेकरांना धुवायचे-पुसायचे, गाणी म्हणायची. दगड, पाने, बिया, शंख-शिंपले हेच शिकवण्याचे साहित्य. पोरं गुरे घेऊन माळावर गेली तर शिक्षकही माळावर, तिचे नाव कुरणशाळा. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. पण काम बंद पडले नाही. अनुताईंनी ते पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत चालवले. अनुताई बालविधवा होत्या. त्या काळी अशा बाईला घराच्या कोपऱ्यात बसवत. ताराबाईंनी त्यांना शेजारी बसवून कामात घडवले, आणि गुरू गेल्यावर शिष्या उभी राहिली. नेतृत्व घडवणे म्हणतात ते याला.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशात पहिले ३३ प्रकल्प निघाले, त्यात आपल्या विदर्भातले मेळघाटचे धारणी होते. नाव कोसबाडचे घेतले, अंगणवाडी. पण एक वस्तू तिथेच राहिली. कोसबाडची शिक्षिका आज लेकरांसोबत काय करायचे ते स्वतः ठरवत होती. योजनेतल्या बाईच्या हातात रजिस्टर आले. सुरुवातीला मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, न झालेलीला १०० आणि मदतनिसाला ३५ रुपये होते. त्याला पगार म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे. ती कर्मचारी नाही, मानसेवी. म्हणजे काम पूर्ण, जबाबदारी पूर्ण, फक्त हक्काचा शब्द आला की ती सेवाभावी!

आता तिची कामे मोजा. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी लेकराला दवाखान्यात पाठवणे, बायकांना आहार-आरोग्याची माहिती देणे आणि पूर्व-प्राथमिक शिक्षण. योजनेतल्या या सहा सेवा. त्यावर निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणे, जो येईल त्याचे काम. २०२१ पासून मोबाइलवरचे 'पोषण ट्रॅकर' आले. आपल्या वस्तीत नेटवर्क मिळते. पण भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावेच्या गावे तुटतात. तिथे रस्त्याचा पत्ता नसतो, मग नेटवर्क कुठून येणार? तिथल्या ताईने लेकराचे वजन घेतले तरी ते कचेरीला दिसत नाही, आणि दिसले नाही म्हणजे केले नाही. शिक्षण ही सहातली एक सेवा, पण जाब विचारतात तो आहाराचा आणि नोंदीचा. 'आज लेकरांनी कोणते नवे गाणे म्हटले' असे विचारणारा अधिकारी मी तरी पाहिला नाही.

आमच्या मिलमध्ये मशीनवर कागद तुटला तर तिथला कामगार साहेबाच्या चिठ्ठीची वाट पाहत नाही. तो आणि त्याचे जोडीदार धावतात आणि कागद पुन्हा चढवतात. कारण मशीनचा आवाज बदलला हे पहिल्यांदा त्याच्याच कानाला कळते. जो कामाच्या सर्वांत जवळ आहे त्याला ठरवण्याची मोकळीक असली पाहिजे, नाहीतर नुकसान होते. आमच्या खात्यात पुढारी कोण झाले? भाषण ठोकणारे आले आणि गेले. ज्याला मशीन कळत होते, ज्याला पगाराची पावती वाचता येत होती आणि जो नव्या पोराला दोन्ही शिकवत होता, त्याच्या मागे माणसे उभी राहिली. अंगणवाडीतही हाच नियम लावा. काम कळणे, हक्क कळणे आणि दुसरीला घडवणे, या तीन गोष्टी जिच्यात आल्या ती ताई नेता झाली. हार नसला तरी चालेल.

कोणी म्हणेल, 'या दहावी-बारावी शिकलेल्या बाया, यांना काय जमणार?' उत्तर आपल्या शेजारी गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत एक काम केले. नवजात बाळे मरत होती, दवाखाना दूर. त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाया निवडल्या, त्यांना आरोग्यदूत केले. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखणे आणि गरज पडली तर इंजेक्शन देणे, हे सगळे त्या शिकल्या. पुष्कळ शहाण्यांना हे पटत नव्हते, इंजेक्शन म्हणजे डॉक्टरचेच काम. पण तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हा निकाल छापून आला. पुढे २०११ मध्ये घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभरच्या आशाताईंकडे आले. सांगायचे काय, तर त्या बायांची बुद्धी आधीपासूनच होती. त्यांना नीट शिकवले, विश्वासाने काम सोपवले आणि पाठीशी उभे राहिले, एवढाच फरक.

आणि आपल्या समाजात अशा बाया झाल्या नाहीत काय? झाल्या, आपण त्यांना विसरलो. नागपूर-कामठीच्या जाईबाई चौधरी. १८९२ चा जन्म, आपल्याच समाजातल्या. डोक्यावर ओझी वाहून हमाली करणारी बाई. एका मिशनरी बाईने त्यांना शिकवले, महिना चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी दिली. पण अस्पृश्य बाई शिकवते म्हणून वरच्या जातीच्या लोकांनी गलका केला आणि नोकरी गेली. त्या रडत बसल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. पुढे त्या बाबासाहेबांच्या चळवळीत आल्या.

त्याच्याही मागे जा. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मातंग समाजाची चौदा वर्षांची पोर. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पोरीच्या तोंडात प्रश्न आला, कारण शिकवणाऱ्या बाईने प्रश्न विचारू दिला. जी ताई स्वतः मान खाली घालून सह्या करते तिच्या हाताखालचे लेकरू मान वर करायला कोणाकडून शिकणार? म्हणून ताईचे नेतृत्व हा फक्त तिचा प्रश्न नाही, आपल्या लेकरांचा आहे.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब हजर होते. हजारो बाया आल्या. त्यांनी ठराव काय केले? गिरण्यांत, बिडी कारखान्यांत, नगरपालिकेत, रेल्वेत राबणाऱ्या बायांना भरपगारी रजा, दुखापतीची भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन द्या. जमलेल्या बहुतेकींना अक्षर येत नव्हते, पण हक्क कळत होता. आता दुसरी तारीख ऐका. २५ एप्रिल २०२२, सर्वोच्च न्यायालय. गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात निकाल लागला की १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा सेविका आणि मदतनिसांना लागू आहे. मिलच्या कामगाराला ग्रॅच्युइटी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण अंगणवाडीच्या बाईला ती आपली आहे हे ऐकायला १९४२ पासून ८० वर्षे लागली.

हे आपोआप झाले नाही. महाराष्ट्रात २०१७ मध्ये सेविकांनी संप केला. २०१८ च्या मार्चमध्ये त्यांना अत्यावश्यक सेवेच्या कायद्याखाली, म्हणजे मेस्माखाली आणले. ओरड झाली तेव्हा त्याला स्थगिती द्यावी लागली. गंमत पाहा, पगाराच्या वेळी मानसेवी आणि संपाच्या वेळी अत्यावश्यक! २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसांचे ४,४२५ वरून ५,५०० करण्याची घोषणा झाली. तरी ४ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा संप झाला, तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. या संपांत ज्या बाया मोर्च्याला गेल्या, त्यांनी अर्ज लिहिले, वर्गणीचा हिशेब ठेवला, रात्री स्टेशनवर एकमेकींची लेकरं सांभाळली. नेतृत्वाचे प्रशिक्षण याहून वेगळे काय असते?

पण संपावरच थांबून चालणार नाही. संप वर्षा-दोन वर्षांनी येतो, लेकरू रोज येते. रोजच्या कामात ताई नेता कशी होईल, हे बघितले पाहिजे. मला सुचतात त्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, भाषेची. गडचिरोलीत कोरची, धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे लेकरू घरी गोंडी किंवा माडिया बोलते. अंगणवाडीत एकदम पुस्तकी मराठी आली की ते गप्प होते, आणि गप्प लेकराला आपण ढ म्हणतो. लेकराला त्याच्या घरच्या भाषेत शिकवा, असे २०२० चे धोरण सांगते, २०२२ चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडाही तेच सांगतो. पण कागदावरचे धोरण गोंडी बोलत नाही, बोलते ती गावातली ताई. तिने आजीकडून गाणी गोळा केली, मोहाची फुले, टोळ्या, तेंदूची पाने मोजायला दिली, तर तो अभ्यासक्रमच झाला. आणि आपल्याकडेही तेच आहे. आपली झाडीबोली ऐकून लेकराला हसू नये. 'काहून' म्हणणारे लेकरूही हुशार असते!

दुसरी, बैठकीची. वीस-पंचवीस अंगणवाड्यांचा एक बीट असतो, त्यांची मासिक बैठक होते. तिथे आकडे देणे-घेणे होते आणि बाया घरी जातात. माझे म्हणणे असे की पहिला तास रजिस्टर बंद ठेवा. एका ताईने सांगावे, माझ्याकडे एक लेकरू बोलत नव्हते, मी असे-असे केले. दुसरीने सांगावे, मला हे जमले नाही. दर महिन्याला वेगळ्या ताईने बैठक चालवावी. याला पैसा लागत नाही. २०२३ पासून 'पोषण भी, पढाई भी' या नावाने केंद्राची प्रशिक्षणे निघाली आहेत. चांगले आहे. पण दोन-तीन दिवस ऐकून कोणी पोहायला शिकत नाही, पाण्यात सोबत उतरणारी जोडीदारीण लागते.

तिसरी, मदतनिसाची. ती वीस-वीस वर्षे झाडते, शिजवते, लेकरांना घरून आणते. लेकराला तिचाच लळा अधिक. तरी तिला बैठकीत खुर्ची नाही. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिले आहे की पाच वर्षांचा अनुभव आणि पात्रता असलेल्या मदतनिसांमधून सेविकांच्या निम्म्या जागा आणि सेविकांमधून पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा भराव्यात. आता सेविकेला बारावीची अट आहे. म्हणजे दहावीवर थांबलेल्या मदतनिसाला बारावी करायला आपण हात दिला नाही, तर दार उघडे असून ती उंबऱ्यावरच राहील.

चौथी गोष्ट जातीची, ती बोलायला कडू आहे. आपल्या बाईने शिजवलेला आहार लेकराला देऊ नका, अशी कुजबुज मी स्वतःच्या कानांनी ऐकलेली आहे. गावाचे नाव घेत नाही. तिथल्या ताईने काय केले? ती भांडली नाही, गप्पही बसली नाही. ती समाजाने वेगळी होती. तिने मदतनिसाला शेजारी घेतले, दोघींनी एका पंगतीत लेकरांसोबत जेवायला सुरुवात केली आणि आयांना बोलावून दाखवले. काही दिवस चार लेकरं आली नाहीत, मग तीही आली. कोणाच्या हुकमाची वाट न पाहता तिने ठरवले आणि निभावून नेले. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेली समता त्या ओसरीवर, खिचडीच्या ताटात आली.

आता आपल्याकडे येतो. आपण काय करतो? अंगणवाडीत खिचडी मिळते म्हणून लेकराला पाठवतो, थोडे पैसे आले की कॉन्व्हेंटमध्ये घालतो. ताई घरी सर्वेक्षणाला आली तर दारातूनच उत्तर देतो. मग ती एकटी पडते. कचेरीत तिचे ऐकत नाहीत, कारण तिच्या मागे वस्ती नाही.

तथागतांनी आपल्या मागे कोणी एक वारस नेमला नाही. संघ एकत्र बसेल, विचार करेल, धम्माच्या आधाराने चालेल, असे सांगितले. नेतृत्व एका माणसात साठवून ठेवायचे नसते, ते वाटायचे असते, हा त्याचा अर्थ मी घेतो. म्हणून या वर्धापनदिनी समितीपुढे माझ्या मागण्या आहेत. विहाराचे सभागृह महिन्यातून एक दुपार परिसरातल्या सेविका-मदतनिसांना त्यांच्या स्वतःच्या बैठकीसाठी द्यावे, तिथे कोणी पुरुष अध्यक्ष नको. बारावीला बसू इच्छिणाऱ्या मदतनिसांची फी आणि पुस्तके विहाराच्या निधीतून द्यावीत, आणि आपल्या शिकलेल्या पोरा-पोरींनी त्यांना संध्याकाळी शिकवावे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती करतो तेव्हा पाहुणा बाहेरून आणू नये. माईक आपल्या अंगणवाडीच्या ताईच्या हातात द्यावा आणि आपण खाली बसून ऐकावे. आणि प्रत्येक बापाने महिन्यातून एकदा तरी अंगणवाडीत जाऊन अर्धा तास बसावे. पाळी संपल्यावर जा, सुटीच्या दिवशी जा, पण जा. आपले लेकरू काय म्हणते ते बघा.

ताई, मावशी, तुम्ही समोर बसल्या आहात. तुम्हाला कोणी नेता करणार नाही, तशी ऑर्डरही निघणार नाही. पण तुम्ही उभ्या राहाल तेव्हा मागे वळून पाहावे लागू नये, एवढी जबाबदारी आमची. ती आम्ही घेतली पाहिजे, आणि या विहाराच्या साक्षीने घेतली पाहिजे.



जयभीम! नमो बुद्धाय!